मनगटाचं काम मोटरला

माझं घड्याळ दुरुस्तीचं दुकान अंबरनाथ स्टेशनच्या पूर्वेला आहे. काम शिकलो उल्हासनगरच्या कॅम्प तीनमध्ये, एका सिंधी उस्तादांकडे. राहतो बदलापूरला. उल्हासनगर ते बदलापूर रेल्वेने जेमतेम दहा किलोमीटर. माझं शिकणं, कमावणं आणि संसार सगळं त्या दहा किलोमीटरमध्ये झालं. या पट्ट्यातल्या कामगारांची, दुकानदारांची, मास्तरांची आणि रोज लोकलने मुंबई गाठणाऱ्यांची घड्याळं माझ्या टेबलावर उघडली गेली आहेत. त्यातली ऑटोमॅटिक घड्याळं मला सगळ्यांत जवळची. आणि गेल्या काही वर्षांत या घड्याळांचे मालक एक प्रश्न हमखास विचारतात, "दादा, याच्यासाठी विंडर घेऊ का?"

विंडर म्हणजे एक पेटी. आत गुबगुबीत उशी असते, तिला घड्याळ बांधायचं, पेटी बंद करायची, आणि खालची मोटर ती उशी अधूनमधून फिरवत राहते. हातात नसलं तरी घड्याळ चालू राहतं. पेटी दिसते छान. काचेचं झाकण, आत निळा दिवा. ज्याला घड्याळाची आवड आहे त्याला ती हवीशी वाटणं अगदी साहजिक आहे.

माझं उत्तर बहुतेकांना एकच असतं, नका घेऊ. काहींना मात्र मी आवर्जून घ्या म्हणतो. नकार एका वाक्यात सांगितला की गिऱ्हाइकाला वाटतं, हा आपलं गिऱ्हाईक तुटेल म्हणून सांगतोय. म्हणून इथे सगळं सविस्तर लिहितो आहे.

ऑटोमॅटिक घड्याळाच्या मशीनच्या पाठीवर अर्धवर्तुळाच्या आकाराचं एक जड वजन असतं. त्याला रोटर म्हणतात. हात हलला की रोटर फिरतो, त्याची हालचाल लहान लहान चाकांमधून बॅरल नावाच्या डबीपर्यंत जाते आणि बॅरलमधली मेन स्प्रिंग भरत जाते. साध्या घड्याळाला आपण बोटांनी चावी देतो, तेच काम इथे हाताच्या हालचालीने होतं. पूर्ण भरलेली स्प्रिंग बहुतेक मशीनमध्ये चाळीस तासांच्या आसपास पुरते. सीकोच्या ७एस२६ मशीनला कंपनी ४१ तास सांगते. हल्लीच्या काही स्विस मशीनमध्ये हा काळ ८० तासांपर्यंत गेला आहे. चाळीस तासांचं गणित इथल्या नोकरदाराला सहज कळतं. शुक्रवारी रात्री काढून ठेवलेलं घड्याळ रविवारी दुपारी थांबतं आणि सोमवारी सकाळी गाडी पकडायच्या घाईत तारीख-वेळ लावत बसावं लागतं. विंडरचा मोह तिथूनच सुरू होतो.

मनगटावरच्या ऑटोमॅटिकची कल्पना ज्याने प्रत्यक्षात आणली तो जॉन हारवूड माझ्यासारखाच घड्याळं दुरुस्त करणारा होता, याचा मला फार आनंद वाटतो. इंग्लंडातला हा कारागीर. दुरुस्तीला आलेली घड्याळं उघडताना त्याच्या लक्षात आलं की धूळ आणि ओल मशीनमध्ये शिरते ती चावीच्या दांडीच्या वाटेने. मग ती वाटच बंद करायची, तर चावी देण्याची गरज काढून टाकायला हवी. १९२४ साली त्याला स्विस पेटंट मिळालं. त्याचं वजन पूर्ण गोल फिरत नसे, दोन बाजूंच्या स्प्रिंगांवर आपटून परतत असे. पूर्ण गोल फिरणारा रोटर रोलेक्सने १९३१ मध्ये आणला, आणि रोटर कुठल्याही दिशेला फिरला तरी स्प्रिंग भरेल अशी साधी, टिकाऊ रचना सीकोने १९५९ मध्ये केली. आपल्याकडे दुबई-मस्कतहून जी हजारो सीको फाइव्ह घड्याळं आली त्यांच्या पोटात हीच रचना आहे. उल्हासनगरच्या सिंधी कुटुंबांचे नातेवाईक आखातात, त्यामुळे उस्तादांच्या टेबलावर सीको, सिटिझन आणि रिको यांचा कधी तुटवडा नसे.

हे सगळं यंत्र माणसाच्या हाताची हालचाल गृहीत धरून बांधलेलं आहे. ती हालचाल बदलली की घड्याळाची तब्येत बदलते, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त झालेले एक काका माझ्याकडे येत. त्यांच्या हातात सीको फाइव्ह, भावाने आखातातून आणलेलं. तक्रार अशी की घड्याळ रात्री बंद पडतं, सकाळी उठलं की साडेतीन किंवा चार वाजून थांबलेलं. दोन ठिकाणी दाखवून झालं होतं, एकाने मशीन बदला असंच सांगितलं होतं. मी ते टाइमग्राफरवर लावलं. या उपकरणाला घड्याळाची टिकटिक ऐकू येते आणि बॅलन्स, म्हणजे आतलं झुलणारं चाक, किती मोठा झोका घेतोय, दिवसाला किती सेकंद पुढे-मागे पडेल, हे सगळं पडद्यावर उमटतं. स्प्रिंग भरून पाहिलं तर झोका चांगला, चाल सरळ. मशीनला काही झालेलं नव्हतं.

मग मी काकांना घड्याळाबद्दल विचारायचं सोडून त्यांच्या दिवसाबद्दल विचारलं. तीसेक वर्षं मशीनवर उभं राहून काम केलेला माणूस. निवृत्तीनंतर गुडघे धरले. सकाळी पेपर, दुपारी झोप, संध्याकाळी टीव्ही. बाजारात जायचं ते सुनेने. रात्री झोपताना घड्याळ काढून उशाशी. दिवसभरात रोटरला फिरायला मिळत होतं तेच इतकं थोडं की स्प्रिंग अर्धीही भरत नव्हती. त्यात त्यांच्या सीकोला चावीने स्प्रिंग भरायची सोयच नाही. चावी फक्त काटे आणि दिवस-तारीख लावायला.

"मग विंडर आणू का?" त्यांनी विचारलं. त्यांच्या नातवाने मोबाइलवर दाखवला होता.

मी त्यांना दुसरंच सांगितलं. सकाळी चहा झाला की घड्याळ हातात आडवं धरायचं, डायल वर, आणि मनगटातून हळू गोल फिरवायचं, दोन मिनिटं. झटके द्यायचे नाहीत. मग हातात घालायचं आणि रात्री झोपेतही काढायचं नाही. संध्याकाळी गुडघे देतील तितकं अंगणात चालायचं. घड्याळ नंतर बंद पडलं नाही. वयस्कर लोकांची अशी घड्याळं आजही येतात आणि त्यातल्या पुष्कळांना दुरुस्तीची गरज नसते. ज्यांनी घड्याळ आणलं त्यांची दिनचर्या विचारल्याशिवाय मागचं कव्हर उघडायचं नाही, हा माझ्या दुकानाचा नियम आहे.

हाच प्रकार मोठ्या प्रमाणावर दिसला तो करोनाच्या काळात. मार्च २०२० मध्ये सामान्य प्रवाशांसाठी लोकल बंद झाली. बदलापूर ते सीएसएमटी ६८ किलोमीटर. रोज इतकं अंतर उभ्याने कापणारी, कडी धरणारी, जिने चढणारी, पिशवी या हातातून त्या हातात घेणारी माणसं एकाएकी घरातल्या टेबलाशी बसली. कीबोर्डवर बोटं हलतात, मनगट हलत नाही. दुकान उघडायची परवानगी मिळाली तेव्हा पहिल्या काही आठवड्यांत जी घड्याळं आली त्यातली बहुतेक नुसती थांबलेली होती. मालकांचा समज, पडून पडून बिघडली. लसीचे दोन डोस घेतलेल्यांना १५ ऑगस्ट २०२१ पासून लोकलने जाता येऊ लागलं, तेव्हा तीच घड्याळं काही न करता नीट चालू लागली. मधल्या काळात मात्र लोकांनी ऑनलाइन विंडर मागवले होते, आणि माझ्या काउंटरवर विंडरचा प्रश्न कायमचा येऊन बसला.

आमच्या धंद्याला विंडर नवा नाही. घड्याळाच्या कारखान्यांत आणि मोठ्या सर्व्हिस सेंटरमध्ये तो तपासणीचं यंत्र म्हणून पूर्वीपासून आहे. ऑटोमॅटिक दुरुस्त केलं की ते नुसतं चालतंय एवढं पाहून भागत नाही. हाताच्या हालचालीने स्प्रिंग भरतेय का, हे पाहावं लागतं. उस्ताद त्यासाठी स्वतःचं मनगट वापरत. सर्व्हिसिंग झालेलं घड्याळ दोन दिवस स्वतः घालून पाहिल्याशिवाय ते गिऱ्हाइकाला देत नसत. लग्नसराईत त्यांच्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत घड्याळं चढलेली मी पाहिली आहेत. नवीन आलेल्याला ते विचित्र वाटे, पण त्यांच्या हाताखालून गेलेलं घड्याळ परत येत नसे.

मी मात्र या तपासणीसाठी विंडर वापरतो. तो विठ्ठलवाडीच्या एका इलेक्ट्रिशियन मित्राने बनवून दिला. उल्हासनगरात हवी ती वस्तू बनवून देणारा माणूस दोन गल्ल्या ओलांडल्या की भेटतो, ही या गावाची मोठी श्रीमंती आहे. फाळणीनंतर लष्कराच्या रिकाम्या छावणीत आणून सोडलेल्या लोकांनी हातच्या कलेवर हे गाव उभं केलं, आणि ती खोड अजून आहे. त्या विंडरच्या निमित्ताने मला विंडरबद्दल जे कळलं ते कुठल्याही माहितीपत्रकात एवढं स्पष्ट लिहिलेलं नसतं.

मोटर वापरली ती मायक्रोवेव्हमधली काचेची थाळी फिरवणारी छोटी सिंक्रोनस मोटर. ती मिनिटाला पाच फेरे घेते. हळूच फिरते, म्हणून चालू ठेवून दिली तर काय बिघडतं, असं कुणालाही वाटेल. पण हिशेब मांडा. तासाला ३०० फेरे, चोवीस तासांत ७,२००. आणि बहुतेक ऑटोमॅटिक मशीनना दिवसाला ६५० ते ८०० फेरे पुरतात! म्हणजे न थांबता फिरणारा विंडर गरजेच्या नऊ ते अकरा पट काम घड्याळाकडून करून घेतो. आम्ही मग गीझरसाठी मिळतो तसला खुंट्यांचा टायमर लावला. त्यात पंधरा पंधरा मिनिटांच्या खुंट्या असतात. पंधरा मिनिटांत ७५ फेरे. दिवसभरात विखरून दहा खुंट्या दाबल्या की ७५० फेरे होतात, मधल्या वेळात मशीन शांत.

दुसरी गोष्ट मोटरच्या दिशेची. ही मोटर दर वेळी सुरू होताना कुठल्या दिशेने फिरेल याचा नेम नसतो, कधी डावीकडे, कधी उजवीकडे. सीकोला त्याने काही फरक पडत नाही, कारण तिथे दोन्ही दिशांनी स्प्रिंग भरते. पण सगळी मशीन तशी नसतात. मियोटाच्या ८२१५ सारख्या मशीनमध्ये रोटर एकाच दिशेने स्प्रिंग भरतो आणि उलट्या दिशेने मोकळा गरगरतो. क्रोनोग्राफमधलं, म्हणजे स्टॉपवॉच असलेल्या घड्याळातलं, प्रसिद्ध ७७५० मशीनही एकदिशेचंच. अशा घड्याळाला चुकीच्या दिशेने दिवसभर फिरवलं तरी ते दोन दिवसांनी बंदच पडणार, आणि मालक म्हणणार घड्याळ खराब. कुठलं मशीन आहे आणि ते कुठल्या दिशेने भरतं हे माहीत करून घेतल्याशिवाय विंडरचं बटण दाबण्यात अर्थ नाही.

तिसरी गोष्ट सगळ्यांत सोपी आणि सगळ्यांत जास्त दुर्लक्षित. घड्याळ उभं किंवा तिरपं हवं. रोटर स्वतःच्या वजनाने खाली राहतो आणि घड्याळ त्याच्याभोवती फिरतं, म्हणून स्प्रिंग भरते. घड्याळ सपाट झोपवून मोटरने एकसारखं फिरवलं तर रोटरही त्याच्याबरोबरच फिरत बसतो, आत काहीच भरत नाही. कॅम्प पाचमधल्या एका हौशी मुलाने जुन्या रेकॉर्ड प्लेअरच्या तबकडीवर घड्याळ ठेवून पाहिलं होतं. तबकडी सुंदर फिरत होती, घड्याळ दुसऱ्या रात्री बंद.

आणि चौथी, चुंबक. या मोटरच्या पोटात कायमचं चुंबक असतं. बॅलन्सला झुलवणारी हेअरस्प्रिंग केसाइतकी बारीक. चुंबकत्व शिरलं की तिचे वेटोळे एकमेकांना चिकटायला बघतात आणि घड्याळ दिवसाला काही मिनिटंसुद्धा पुढे पळू लागतं. म्हणून आम्ही मोटरपासून घड्याळापर्यंत लांब लाकडी दांडा घेतला. चांगल्या विंडरमध्ये मोटरभोवती लोखंडी आवरण असतं, स्वस्तातल्यात असेलच असं नाही. तपासायला शाळेतल्या कंपासपेटीबरोबर मिळतं तसलं साधं होकायंत्र पुरे. चालू विंडरच्या उशीजवळ ते धरा; सुई डळमळू लागली तर तिथे घड्याळ ठेवू नका. (मोबाइलच्या चुंबकी कव्हरजवळ आणि फ्रिजच्या दारावरही ठेवू नका, अचानक पुढे जाऊ लागलेल्या घड्याळांत या दोन कारणांची भर सध्या फार आहे.)

आता मुख्य मुद्दा, झीज. विंडर विकणारे सांगतात की घड्याळ बंद ठेवलं तर आतलं तेल घट्ट होतं, म्हणून ते चालू ठेवा. जुन्या काळच्या प्राणिज आणि वनस्पतिज तेलांबाबत हे खरं होतं. उस्तादांच्या सुरुवातीच्या दिवसांत वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या घड्याळांत तेलाचा डिंक झालेला असे, पेट्रोलमध्ये भिजवून काढावा लागे. आता चांगल्या कामात कृत्रिम तेल वापरतात. तेही काही वर्षांनी वाळतं, पण घड्याळ चालू असो वा बंद, वाळायचं तेव्हा वाळतं. पाच-सहा वर्षांनी सर्व्हिसिंग दोघांनाही चुकत नाही. फरक इतकाच की बंद घड्याळातलं तेल वाळलं तर नुसतं धुऊन नवीन तेल द्यायचं असतं, आणि चालू घड्याळातलं वाळलं तर धातूवर धातू घासत राहतो.

किती घासतो ते बघा. ताशी २१,६०० ठोक्यांचं मशीन सेकंदाला सहा ठोके देतं. दिवसाला ५,१८,४००. वर्षाला जवळजवळ एकोणीस कोटी. हातात घातलेलं घड्याळही इतकेच ठोके देतं, पण त्या बदल्यात ते तुम्हाला वेळ दाखवतं, लग्नाला तुमच्याबरोबर येतं. पेटीत फिरणाऱ्या घड्याळाचे एकोणीस कोटी ठोके कुणासाठी?

बदलापूर पश्चिमेच्या एका गृहस्थांची चार घड्याळं माझ्याकडे आली होती. चारही काही वर्षं विंडरवर, हातात मुख्यतः एकच. जे ते रोज घालत ते बाहेरून ओरखडलेलं, पण आतून ठीक. न घातलेली तिन्ही बाहेरून शोरूममधून आणल्यासारखी आणि आत रोटरच्या बेअरिंगभोवती धातूची काळी पूड. एकाची दिशा पालटणारी चाकं कोरडी पडून अडकत होती, त्यामुळे रोटर फिरूनही स्प्रिंग नीट भरत नव्हती. ऑटोमॅटिकची स्प्रिंग गरजेपेक्षा जास्त भरून तुटत नाही, हे खरं आहे. तिचं बाहेरचं टोक बॅरलच्या भिंतीला पक्कं बांधलेलं नसतं, पूर्ण भरली की ते भिंतीवरून सरकतं. पण सरकणं म्हणजेही घासणं, आणि भिंतीवरचं खास ग्रीस त्याने संपत जातं. सतत काठोकाठ भरलेल्या घड्याळात ते लवकर संपतं. त्या तीन घड्याळांच्या सर्व्हिसिंगला जो खर्च आला तो ऐकून त्यांना वाईट वाटलं, मला त्याहून जास्त. घड्याळं चांगली होती.

आपल्या हवेचाही विचार करा. जून ते सप्टेंबर बदलापूर-अंबरनाथला कपाटातल्या चपलांवर बुरशी येते. विंडरच्या उशा बहुतेक वेळा कृत्रिम चामड्याच्या असतात. आपल्या दमट हवेत ते दोन-तीन पावसाळ्यांत चिकट होतं, त्याचे पापुद्रे सुटतात आणि घड्याळाच्या मागच्या कव्हरला चिकटतात. चामड्याचा पट्टा बंद पेटीत भुरा पडतो. मोटर फिरते म्हणून ओल जात नाही. शिवाय लाइट गेली आणि आली की काही विंडर आपोआप सुरू होत नाहीत, पुन्हा बटण दाबावं लागतं. गावाला गेलेल्या माणसाचं घड्याळ मग थांबायचं ते थांबतंच. पावसाळ्यात घड्याळ ठेवायची माझी पद्धत साधी आहे. घाम पुसून, पट्टा वाळवून, हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर. पुड्या दर पावसाळ्याला बदलायच्या. महिन्या-दोन महिन्यांनी घड्याळ बाहेर काढून एक दिवस हातात घालायचं.

मग विंडर कुणाला? पर्पेच्युअल कॅलेंडर असलेल्या घड्याळाला मी खुशाल हो म्हणतो. या घड्याळाला महिना तीसचा की एकतीसचा आणि फेब्रुवारी किती दिवसांचा हे आतल्या चाकांवरून कळतं. चालू राहिलं तर २१०० साली लीप वर्ष हुकेल तोपर्यंत तारीख लावावी लागत नाही. पण थांबलं तर वार, तारीख, महिना, चंद्राची कला सगळं टाचणीसारख्या काडीने बाजूची बारीक बटणं दाबत लावावं लागतं, आणि चुकीच्या वेळी दाबलं तर आतलं मोडतं. असं घड्याळ या भागात क्वचित दिसतं. ज्यांच्याकडे आहे त्यांनी विंडर जरूर घ्यावा.

दुसरं उदाहरण बदलापूरच्या एका निवृत्त शिक्षिकेचं. बाईंच्या बोटांना संधिवात. लहानसं लेडीज ऑटोमॅटिक, पहिल्या पगारांतून साठवून घेतलेलं, त्या फक्त बाहेर जाताना घालतात. ते थांबलं की बारीक चावी बाहेर ओढून वेळ लावणं त्यांच्या बोटांना शक्य नाही, आणि दर वेळी शेजारच्या मुलीला हाक मारणं त्यांना आवडत नाही. त्यांना मी स्वतः विंडर आणून, फेरे आणि दिशा लावून दिला. तीन वर्षांनी सर्व्हिसिंग करू, असंही सांगून ठेवलं. झीज होणार हे आम्हा दोघांना माहीत आहे, पण बाईंना कुणाला न विचारता घड्याळ घालून निघता येतं. तिथे विंडर सार्थकी लागला.

ज्यांना घ्यायचाच आहे त्यांनी फेरे आणि दिशा बदलता येणारा, मध्ये थांबणारा विंडर घ्यावा. घड्याळ आधी हातात घालून किंवा चावी देऊन भरून घ्यावं. थांबलेलं घड्याळ विंडरवर टाकून तो ते भरेल अशी अपेक्षा ठेवू नये. सुरुवात कमीत कमी, पाचशेच्या आसपास फेऱ्यांनी करावी. तिसऱ्या-चौथ्या दिवशीही घड्याळ चालू असेल आणि वेळ बरोबर असेल तर तेवढेच फेरे पुरे, वाढवू नयेत. बंद पडलं तर शंभरने वाढवून पाहावं. आणि वर्षातले काही महिने विंडरलाही सुट्टी द्यावी.

थांबलेल्या घड्याळाने खरं नुकसान होतं ते वेगळ्याच ठिकाणी, ते पुन्हा चालू करताना. रात्री नऊ ते पहाटे तीन या वेळेत तारखेची चाकं एकमेकांत गुंतलेली असतात. काटे नेमके त्या वेळेवर असताना लोक घाईने तारीख पुढे ढकलतात आणि दात तुटतो. माझ्याकडे तारखेच्या तक्रारी येतात त्यातल्या बऱ्याच अशा. आधी काटे फिरवून सहावर खाली आणा, मग तारीख आदल्या दिवसाची लावा, मग काटे पुढे फिरवत आजच्या तारखेवर आणि वेळेवर या. एवढं जमलं तर घड्याळ कितीही वेळा थांबू द्या, काही बिघडत नाही.

शेवटी ज्या घड्याळासाठी मला हे सगळं लिहावंसं वाटलं त्याबद्दल. एचएमटीचं कांचन. १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनच्या मदतीने बंगळूरला एचएमटीने घड्याळं बनवायला सुरुवात केली आणि पुढे त्यांचं ऑटोमॅटिकही निघालं. सोनेरी केसचं, दिवस-तारीख दाखवणारं कांचन लग्नात जावयाला देण्याचं घड्याळ होतं. अंबरनाथच्या विमको काडेपेटी कारखान्यातल्या, ऑर्डनन्समधल्या, एमआयडीसीतल्या किती घरांत ते आलं असेल! त्या जावयांचे मुलगे आता चाळिशी-पन्नाशीचे आहेत. वडील गेल्यावर कपाटात कांचन सापडतं, ते दुरुस्तीला आणतात, आणि चालू झालं की भरल्या मनाने विचारतात, "आता हे थांबू नये, विंडरवर ठेवू का?"

त्यांची भावना मला कळते. पण जानेवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारने एचएमटी वॉचेस बंद करायचा निर्णय घेतला. कांचनचा नवा रोटर, नवा बॅलन्स आता कारखान्यातून येणार नाही. आमच्यापाशी आहेत ते जुन्या, मोडलेल्या घड्याळांतून काढून ठेवलेले भाग. माझ्या खणात अशा भागांच्या लहान डब्या आहेत आणि त्या दर वर्षी हलक्या होताहेत. पेटीत फिरणारं कांचन रोज लाखो ठोके खर्च करतं, आणि तो खर्च भरून द्यायला मागे कुणी नाही.

म्हणून वडिलांचं कांचन असलेल्या प्रत्येकाला माझी विनंती आहे. ते विंडरवर ठेवू नका. एकदा जाणत्या कारागिराकडून धुऊन-तेल देऊन घ्या, गॅस्केट बदलून घ्या. दिवाळीला घाला, मुलीच्या लग्नात घाला, एखाद्या रविवारी उगीच घाला. घालाल तेव्हा वर सांगितल्यासारखी तारीख लावा. बाकीचे दिवस ते डब्यात थांबू द्या. त्याने घड्याळाचं काहीही बिघडत नाही.